हनुवटीवरचा फोड आणि माउलीचे मंगळवार

दुसऱ्याच्या अंगावर काही उठलं की काशीकाकीच्या अंगात उत्साह संचारायचा. तोंडाने ती "अगो बाय माझे" म्हणायची. पण पदराने चष्मा पुसतानाच तिचा चेहरा असा उजळायचा, की समोरच्याला वाटावं, आपण हा फोड हिच्यासाठीच आणलाय.

सुगंधाच्या हनुवटीवर पहिला फोड आला तेव्हा ती पंचेचाळिशीत होती. त्या वयात फोड येतो याचंच तिला हसू आलं. कॉलेजात असताना आला नाही तो आता आला, बाकीचे कुठे वाटेत अडकले होते कोण जाणे. पण वाटेत अडकलेले सगळेच आले. हनुवटीवर दाणे, गालांवर लाल चट्टे, आणि हातांवर अशी खाज, की कातडीच्या आतून मुंग्यांची वरात चाललीय. पाळी तर केव्हाच वेळापत्रक सोडून बसली होती. कधी महिन्यात दोनदा, कधी तीन महिने पत्ता नाही.

काकी म्हणजे सुगंधाची चुलत सासू. खरी सासू गेल्यावर ही जागा रिकामी आहे असं तिचं तिनेच ठरवलं आणि शेजारच्या घरातून रोज सकाळी कामावर आल्यासारखी यायला लागली. तिने खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खुर्ची ओढली, सुगंधाची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे फिरवली आणि गावदेवी माउलीच्या नावाने निकाल दिला.

"ह्यां माउलीचां आसा. खंय तरी चुकलंस तू."

"काय चुकलां, काकी?"

"तां माका काय ठावक? तुझां तू आठव."

सुगंधाने आठवून पाहिलं. पहाटेचा दिवा, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय यांत लग्नापासून खंड नव्हता. सोमवार, एकादशी, संकष्टी हे तिचे स्वतःचे उपास, तिने स्वतःच्या आनंदाने धरलेले. देवाशी तिचं भांडण कधी नव्हतंच. पण काकीच्या आवाजात देवापेक्षा जास्त खात्री असायची, तेव्हा सुगंधानेच मान खाली घातली.

त्या दिवशी तिला पाळी आलेली. ती बाहेर बसलेली, देवळात जाता येईना. तेव्हा काकीच चपला घालून तरातरा माउलीच्या देवळात गेली, नारळ ठेवला आणि सुगंधाच्या नावाने नवस बोलून आली. माझी सून तुझे एकवीस मंगळवार करील, तिचं तोंड निवळ कर. परत येऊन तिने सुगंधाला तो नवस असा सांगितला, जसा कुणी बाजारातून दुसऱ्यासाठी मासे घेऊन येतो आणि साफ करायला त्याच्याच पुढ्यात टाकतो.

नियमही काकीचेच. मंगळवारी पाळी आली तर तो मंगळवार बाद. आणि नुसता बाद नाही, मोजणी पहिल्यापासून.

ज्या बाईची पाळी घड्याळासारखी येते तिने हा नवस सहा महिन्यांत फेडला असता. सुगंधाची पाळी मात्र काकीच्या बाजूची असल्यासारखी वागायची. कधी चौथ्या मंगळवारी टपकली, कधी बाराव्या. एकदा तर सगळं सुरळीत होऊन अठरावा आला, सुगंधाने ओटीसाठी खण आणून ठेवला, आणि मंगळवारी पहाटेच कंबर दुखायला लागली. काकी म्हणाली, "माउलीक तुझो नवस घेवचो नाय असात." सुगंधाने खण परत कपाटात ठेवला आणि परत एकपासून मोजायला लागली. अशी दोन वर्षं गेली.

दोन वर्षं सोमवार आणि त्याला जोडून मंगळवार. मध्येच एकादशी पडली तर सलग तीन दिवस साबुदाणा. एरवी तिच्या सकाळी उकड्या तांदळाची पेज असायची, सोबत कधी कुळथाची पिठी, दुपारी भाजी, सोलकढी, वार पाहून माशाचं कालवण. आता आठवडा साबुदाण्याच्या खिचडीत, बटाट्याच्या किसात, शेंगदाण्यात आणि उपाशीपोटी घेतलेल्या चहात रुतला. पोट फुगायचं, सकाळी साफ व्हायचं नाही, झोपताना घशाशी आंबट यायचं. आणि पोट जितकं बिघडायचं तितका चेहरा पेटायचा. चेहरा पेटला की काकी म्हणायची, नवस मोडला म्हणून पेटला. पुन्हा पहिला मंगळवार, पुन्हा साबुदाणा. बैलाने घाण्याभोवती फिरावं तसं हे फिरणं, आणि घाण्यात सुगंधा.

स्वतः काकी मंगळवारी बांगडा खायची. तिला कुणा डॉक्टरने अशक्तपणासाठी प्रोटीन सांगितलं होतं, आणि ते प्रोटीन मंगळवारीच लागतं असं तिने त्यात आपलं आपण जोडून घेतलं होतं. तळलेल्या बांगड्याचा वास कुंपणावरून यायचा तेव्हा सुगंधा राजगिऱ्याचा लाडू चघळत मनात म्हणायची, कोप माझ्यावर, बांगडा हिच्यावर. माउली पण माणसं बघूनच कोपते वाटतं. मग लगेच कानाला हात लावायची. माउलीला बोल नव्हता लावायचा. बोल काकीला होता, पण तो बोलण्याची सोय नव्हती.

सुदेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आपल्या परीने काळजी केली. मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. "गोरां होवक नको, पण निदान लोकांनी इचारूक नको," म्हणाला. ट्यूब लावली की चार दिवसांत तोंड आरशासारखं स्वच्छ, सोडली की दुप्पट लाल. म्हणून सुगंधा ती सोडायचीच नाही.

माघातली माउलीची जत्रा जवळ आली आणि मुंबईहून दीपिका आली. दीपिका म्हणजे सुगंधाची धाकटी जाऊ. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि हिरव्या भुकटीचे डबे जास्त होते.

"वहिनी, चेहऱ्याला काही लावूच नका. प्रॉब्लेम चेहऱ्यात नाहीच. तुमचं गट बिघडलंय, आतडं. त्यात पेरिमेनोपॉज. हॉर्मोन्स, आतडं, स्किन, सगळं कनेक्टेड असतं. हे रोज सकाळी एक स्कूप. थांबा, आधी एक फोटो काढते, बिफोरचा."

"फोटो कित्याक?"

"आफ्टरच्या शेजारी टाकायला. ग्रुपवर बायका विचारतात ना, रिझल्ट दाखवा म्हणून."

सुगंधा हळू बोलणारी, नाही म्हणायला तिला दोन दिवस लागायचे. तोवर फोटो निघाला आणि डबाही फुटला. पुढचे तीन दिवस तिने घरात कमी आणि संडासात जास्त काढले. बाहेर उभी राहून दीपिका समजूत घालत होती. "टॉक्सिन्स बाहेर पडतायत, वहिनी. चांगलं लक्षण आहे." आतून सुगंधाला वाटलं, टॉक्सिन काय ते पडेल तेव्हा पडेल, सध्या माझी आतडी तेवढी पडायची राहिलीत.

हे सगळं तिने सोसलं असतं. पण मग नैवेद्याची गोष्ट निघाली.

माउलीच्या जत्रेला पहिला नैवेद्य ह्याच घरातून जायचा, आणि तो घरातल्या थोरल्या सुनेनेच रांधायचा. भात, वरण, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर. चूल पेटल्यापासून पानं देवळात जाईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही; देवीच्या अन्नावर थुंकी उडता कामा नये. सासूने मरणाआधी नैवेद्य ढवळायचा पळा सुगंधाच्या हातात दिला होता. घर सुदेशच्या नावावर, आंब्याची कलमं दिराच्या नावावर. सुगंधाच्या नावावर वर्षातली ही एक सकाळ होती.

काकी खुर्चीवरून म्हणाली, "ह्या वर्साक निवेद दीपिकान रांदूक व्हयो. अशा तोंडान रांदलेलो माउलीक चलाचो नाय."

दीपिका लगेच म्हणाली, "मला काही प्रॉब्लेम नाही हं, वहिनी. लोक बोलतात म्हणून फक्त. तुम्ही आराम करा."

काळे वाटाणे आदल्या रात्री भिजवावे लागतात हे दीपिकाला ठाऊक नव्हतं. ती गप्प बसू शकते हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. सुगंधाने सुदेशकडे पाहिलं. सुदेश छताकडे बघत होता. घरात काही ठरायची वेळ आली की त्याला कौलं मोजायची असायची.

दुसऱ्या दिवशी बाजारात नारळ द्यायचं निमित्त करून सुगंधा एकटी एसटीने कुडाळला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहिला, हात पाहिले, ट्यूब हातात घेऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि चष्म्यावरून बघितलं.

"ही किती दिवस लावताय?"

"दीड वर्ष झालं."

"यात स्टिरॉइड आहे. हे तोंडाला असं लावत राहायचं नसतं. आता सोडवायची, पण मी सांगेन तशी. सोडताना चेहरा आधी आणखी लाल होईल, घाबरायचं नाही. आणि खाता काय रोज?"

सुगंधाने सोमवारपासून सांगायला सुरुवात केली. बुधवारपर्यंत आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"पाळी जायच्या आधी काही वर्षं शरीरातले हॉर्मोन्स असे वरखाली होतात. कातडी कोरडी पडते, खाजते, काहींना तरुणपणासारखे फोड येतात. पोटही मंदावतं. पोट आणि कातडीचा संबंध आहे, पण भुकटीच्या डब्यावर लिहितात तेवढा सोपा नाही. डॉक्टरांनाही अजून सगळा उलगडलेला नाही. तुम्ही मात्र पोटाला दोन्हीकडून धरलंय. पालेभाजी नाही, डाळ नाही, ताक नाही, नुसता स्टार्च आणि तेल. रक्त तपासून घेऊ, थायरॉइडही बघू. तुमची ती सकाळची पेज परत सुरू करा. उपास करा ना, देवाचं नाव घ्या, पण आठवड्याचे तीन-तीन दिवस पोट मारू नका."

सुगंधाने विचारायचं ते शेवटी विचारलं. "म्हणजे हा देवीचा कोप नाही?"

"तो माझ्या तपासणीत दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि गोळ्या लिहायला लागल्या.

परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून सुगंधाला खूप दिवसांनी स्वतःचाच राग आला. दोन वर्षं आपण काकीच्या तोंडून माउलीला ऐकत होतो. माउलीला तोंड नव्हतं का? पण राग आला म्हणून नवस टाकून देणारी ती बाई नव्हती. देवाला दिलेला शब्द डॉक्टरच्या चिठ्ठीने सुटत नाही. तो देवळातच सोडवायला हवा होता.

तिने काकीला सांगितलं, "निवेदाचां माउलीकच विचारूया. कौल लावया."

काकीला कौलाचं वावडं नव्हतं. आपलं म्हणणं माउली मोडणार नाही याची तिला खात्री होती. "मंगळवारीच लावया," म्हणाली.

मंगळवारी सगळे देवळात जमले. सुगंधाचा उपास, पोटात सकाळपासून फक्त चहा. आणि ट्यूब कमी केल्यामुळे गाल असे लाल, जशी आत्ताच कुणी थोबाडीत मारलीय. सत्यवान गुरवाने अबोलीच्या पाकळ्या पाण्यात बुडवून माउलीच्या पाषाणावर चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं.

"आई माउली, तुझ्या पायाकडे तुझी लेकरां इली आसत. जत्रेचो निवेद थोरल्या सुनेन, सुगंधान, रांदलो तर तुका मानता काय, तां सांग. उजवी दी नायतर डावी दी, पण लेकरांका ताटकळत ठेव नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

पाकळी हलली नाही. दीपिकाने एकदा फोन पाहिला, परत पर्समध्ये टाकला. सुदेश देवळाची कौलं मोजत होता. काकी हळूच म्हणाली, "बोलणा नाय. रागावली आसा."

आणि त्या गच्च शांततेत सुगंधाचं पोट ओरडलं. नुसतं कुरकुरलं नाही. दूरवर ट्रॉलर सुरू व्हावा तसं घरघरत, गाभाऱ्यात घुमत गेलं. सत्यवानाने मागे वळून पाहिलं.

"कोण गो तां?"

"माझां पोट," सुगंधा म्हणाली.

"खावक नाय काय?"

"मंगळवार."

दीपिका खुदकन हसली. काकीने डोळे वटारले. "शिरा पडली तुझ्या पोटार! माउलीसमोर असां करतत?"

सुगंधा लाजेने मेली असती, दोन वर्षांपूर्वी. आज तिला वाटलं, ह्या देवळात खरं ते एवढं एकच बोललं. ती पुढे झाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून सगळ्यांना कान द्यावा लागला.

"माउली, तुझां आणि माझां भांडण नाय. पण ह्यो मंगळवारांचो नवस मी बोलूक नाय. त्या दिवशी मी भायर होतंय. काकी माझ्या नावान बोलली. तोंड काकीचां, पोट माझां. दोन वर्सां पोटान जमात तसां निभावलां, आता तां दमलां. ज्येच्या तोंडचो नवस, तेच्याकडे तो परत दी. माका मोकळी कर."

"काय बोलता ही!" काकी उसळली. "असां खंय आसता? नवस म्हणजे काय—"

टप्. उजवी पाकळी पाषाणावरून सुटली आणि ताम्हनात पडली.

"उजवो!" सत्यवान म्हणाला, आणि मग डोकं खाजवायला लागला. "पण ह्यो कौल धरूचो कसलो? निवेदाचो धरलो तर निवेद सुगंधाचो. नवसाचो धरलो तर मंगळवार काकीचे. काकी, तुमी वडील माणूस. तुमीच सांगा, खंयचो धरू?"

काकीच्या चेहऱ्यावरून एकवीस मंगळवार एकामागून एक गेले, प्रत्येकाच्या ताटात बांगड्याच्या जागी साबुदाणा. सुगंधा तिच्याकडे वळली आणि अगदी मायेने म्हणाली,

"काकी, तुमका तसां सोपां आसा. ह्या वयात पाळी येवची नाय. मोजणी मोडूची नाय, एका दमात होतले."

"निवेदाचो!" काकी ओरडली. "निवेदाचोच तो! इचारलेलां काय? निवेद! मगे कौल निवेदाचोच. सुगंधानच रांदूचो. मी काय नको म्हटलंय काय कधी?"

"बरां," सत्यवान म्हणाला, आणि दुसरी पाकळी पाण्यात बुडवायला लागला. "मगे नवसाचां येगळां विचारूया."

"ऱ्हवां दी रे, मेल्या!" काकीने त्याचा हातच धरला. "कित्याक माउलीक तरास? दोन वर्सां केल्यान पोरीन, काय कमी केल्यान? नवस फिटलो."

"तां माका नको सांगा," सुगंधा म्हणाली. "माउलीक सांगा. बोललास तुमी, सोडूक तुमीच व्हये."

देवळातून सुटकेचा तेवढाच एक रस्ता होता. नाइलाजाने काकीने हात जोडले, आणि ज्या तोंडाने बांधलं होतं त्याच तोंडाने, ओठांतल्या ओठांत, सोडलं. "माउली, माझो नवस फिटलो. हिका मोकळी कर." सुगंधाने कपाटातून आणलेला तो जुना खण ओटीत घातला, माउलीच्या पायावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. तिथे तिला कुणाचा तिरस्कार आठवला नाही. तो उंबऱ्याबाहेर चपलांपाशी ठेवलेला होता; निघताना तिने आठवणीने तोही घेतला.

जत्रेच्या दिवशी तिने पहाटे दिवा लावला, वाटीभर पेज मीठ घालून प्यायली आणि चूल पेटवली. तोंड बंद. चेहरा निवळला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे उलट जास्तच लाल होता. पोट मात्र हलकं होतं, रात्री घशाशी काही आलं नव्हतं, आणि मुंग्यांची वरातही कुठे कुठेच निघत होती.

दीपिका दारात आली. "वहिनी, स्किन तर अजून तशीच आहे. भुकटी बंद केलीत म्हणूनच हे. परत सुरू करा, मी डिस्काउंट देते."

सुगंधाने खीर ढवळली.

काकी आली. "तोंड बघ गो तुझां! लोक काय म्हणतले? मी त्या दिवशी बोललंय म्हणान निवेद तुका मिळालो, तां इसरां नको. काय? आयकतंस मा?"

सुगंधाने वडा उलटला. एवढ्या वर्षांत तिने नाना व्रतं केली, पण माउलीने बायकांच्या सोयीचं म्हणून काही केलं असेल तर ते हे मौन, असं तिला त्या दिवशी पटलं.

पानं देवळात गेली. सत्यवानाने नैवेद्य दाखवला, घंटा झाली, मौन सुटलं. खळ्यात पंगत बसायची होती; आधी पुरुष, मग पाहुणे, मग काकी, शेवटी रांधणारी, ही रीत. सगळे सुगंधाकडे बघत होते, ती पहिला शब्द काय बोलते म्हणून. देवीच्या घरातल्या सुनेचा पहिला शब्द, काही तरी मंगल असणार.

"माका भूक लागली," सुगंधा म्हणाली, आणि केळीचं एक पान पुढ्यात ओढून घेऊन सगळ्यांच्या आधी जेवायला बसली.